फ्रँकेन्स्टाइनची नगरची मावशीआजी

शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, हा दिवाळी अंकाचा लेख आहे की भांग पिऊन लिहिलेला होळीचा? तर मंडळी, तसं काही नाही. खाली लिहिलंय ते सगळं कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे. मी धंद्याने कॉम्प्युटर इंजिनियर, इतिहासाशी संबंध दहावीच्या परीक्षेत संपला होता. तो पुन्हा जुळला त्याला कारण आमची आठ वर्षांची लेक आणि अमेरिकेतला हॅलोविन.

आपल्याकडे दिवाळी आणि हॅलोविन बहुतेक वेळा हातात हात घालून येतात. एका खोलीत आकाशकंदील आणि दुसऱ्या खोलीत प्लॅस्टिकचा सांगाडा. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी आणि दारात भोपळा. त्या वर्षी लेकीला 'फ्रँकेन्स्टाइन' व्हायचं होतं. चपटं डोकं, हिरवा चेहरा, मानेला दोन बोल्ट. मी तिच्या तोंडाला हिरवा रंग फासत होतो, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, फ्रँकेन्स्टाइन कुठला? म्हणजे व्हेअर इज ही फ्रॉम?"

हा प्रश्न तिला शाळेत दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, त्यामुळे तो तिच्या जिभेवरच असतो. मी म्हटलं, "थांब, बघून सांगतो." रात्री ती कँडीच्या ढिगाशेजारी झोपून गेल्यावर लॅपटॉप उघडला. पहाटे दोन वाजता मी माझ्याच गावात येऊन पोचलो होतो. अहमदनगर! २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नुसतं 'नगर'. कसं पोचलो ते आता सुरुवातीपासून सांगतो.

एक उन्हाळा हरवला, एक राक्षस सापडला

१८१५ च्या एप्रिल महिन्यात आजच्या इंडोनेशियात तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आकाशात इतके पसरले, की पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळा म्हणून आलाच नाही. इकडे न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरन आणि त्याची मित्रमंडळी पावसाने घरात कोंडून पडली. वेळ जाईना, तेव्हा बायरनने टूम काढली की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्या मंडळीत मेरी नावाची १८ वर्षांची मुलगी होती, कवी शेलीची पुढे झालेली बायको. तिने जी लिहायला घेतली ती 'फ्रँकेन्स्टाइन'.

पुस्तक लंडनमध्ये निघालं १ जानेवारी १८१८ ला. पाचशे प्रती, लेखिकेचं नाव न छापता. तारीख ओळखीची वाटते ना? त्याच दिवशी आपल्या पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला कंपनीचं सैन्य आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांची लढाई चालली होती. कंपनीच्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि नगरसारख्या गावांत गोऱ्यांच्या छावण्या कायमच्या बसल्या. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो पुढे जुळायचा होता.

मूळ कादंबरीबद्दल दोन गैरसमज आपण सगळेच बाळगून असतो. पहिला म्हणजे फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नावच नाही. ते त्याला बनवणाऱ्याचं आडनाव. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा डॉक्टरसुद्धा नाही, विद्यापीठात शिकणारा पोरगा आहे. राक्षसाला नावच नाही. दुसरा गैरसमज हा, की तो मुका आणि मठ्ठ आहे. पुस्तकातला राक्षस उत्तम बोलतो, जाडजाड ग्रंथ वाचतो. भाषा कशी शिकतो माहितेय? एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपट्यात लपून, भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकून. मला हे वाचताना आमचे अमेरिकेतले पहिले सहा महिने आठवले. आम्ही चौघं रूममेट असेच टीव्हीवर 'फ्रेंड्स' लावून लोक बोलतात कसं ते शिकत होतो!

त्या घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. बाकीचे येतात, चेहरा बघतात आणि काठीने बडवून हाकलतात. तिथून तो बिघडतो. आपल्याकडे निर्मात्यावर उलटणाऱ्याला भस्मासुर म्हणायची पद्धत आहे, पण भस्मासुराला निदान वर मिळाला होता. याला जन्मल्या क्षणापासून काहीच मिळालं नाही. व्हिक्टर त्याला जिवंत करतो, त्याचे डोळे उघडलेले बघतो आणि घाबरून खोलीतून पळून जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम लाइव्ह केली आणि सपोर्ट टीम पहिल्याच मिनिटाला पळाली. ना डॉक्युमेंटेशन, ना फोन नंबर. मेरी शेलीचा राग राक्षस बनवण्यावर जेवढा आहे, त्यापेक्षा त्याला टाकून देण्यावर जास्त आहे.

१८२३ मध्ये लंडनला या गोष्टीचं नाटक आलं. जाहिरातीत नटांची यादी होती, पण राक्षसाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा छापल्या होत्या. मेरी स्वतः ते नाटक बघायला गेली आणि ती रेघांची युक्ती तिला आवडली. या रेघा लक्षात ठेवा.

एडिसनकाका आणि कढई

राक्षस सिनेमात पहिल्यांदा आला तो आपल्या इथे, अमेरिकेत. १९१० साली थॉमस एडिसनच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या स्टुडिओत 'फ्रँकेन्स्टाइन' नावाचा मूकपट काढला. लांबी पाव तासाच्या आसपास. ज्या एडिसनचं नाव न्यू जर्सीतल्या आपल्या लाडक्या गावाला दिलंय, जिथे वडापावापासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं, तोच हा एडिसन. गंमत म्हणजे विजेच्या या महर्षीच्या कंपनीने राक्षस विजेने जिवंत केलाच नाही. त्यांनी तो मोठ्या कढईत रसायनं उकळून काढला! हा चित्रपट पुढे कित्येक वर्षं हरवला असं धरलं गेलं होतं. मग विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे त्याची प्रत निघाली.

पण आज ज्याला आपण फ्रँकेन्स्टाइन म्हणून ओळखतो, तो जन्मला १९३१ साली कॅलिफोर्नियात, युनिव्हर्सल स्टुडिओत. महामंदीचे दिवस होते. युनिव्हर्सल काढली होती कार्ल लेमली नावाच्या जर्मन स्थलांतरिताने. त्याच्या मुलाने त्याच वर्षी फेब्रुवारीत 'ड्रॅक्युला' काढून बक्कळ पैसा मिळवला होता. ड्रॅक्युला झालेला हंगेरियन नट बेला लुगोसी याचंच नाव राक्षसासाठी आधी पुढे होतं, पण ते जमलं नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेल हा इंग्रज. त्याने स्टुडिओच्या कँटीनमध्ये एक उंच, सावळा, खोल डोळ्यांचा नट जेवताना बघितला आणि त्याला बोलावून घेतलं. नाव बोरिस कार्लोफ. वय ४३. हॉलिवूडमध्ये दहा-बारा वर्षं किरकोळ कामं करत होता. कामं नसली की ट्रक चालवायचा.

मेकअप केला जॅक पिअर्सने, तो ग्रीसहून आलेला. त्याने विचार अगदी इंजिनियरसारखा केला. मेंदू बसवायचा तर सोपा मार्ग कोणता? कवटीचा वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा आडवा कापायचा, आत मेंदू ठेवायचा आणि झाकण बंद करून क्लिपा लावायच्या. म्हणून डोकं चपटं. मानेचे बोल्ट म्हणजे बोल्ट नव्हेतच, ते विजेचे टोक जोडायचे प्लग. चेहऱ्याचा रंग हिरवट, कारण ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट दिसे. कार्लोफनेही भर घातली. त्याने आपले काढता येणारे दात काढून ठेवले, त्यामुळे एका बाजूचा गाल आत गेला. पापण्यांवर मेण थापून घेतलं. रोज सुमारे चार तास हा सगळा साज चढायचा. वर जडशीळ बूट. शेवटच्या प्रसंगात नायकाला उचलून टेकडी चढायचं दृश्य व्हेलने इतक्या वेळा करून घेतलं, की कार्लोफची पाठ जन्माची दुखावली.

आणि श्रेयनामावलीत काय? चित्रपटाच्या सुरुवातीला नटांची यादी येते, त्यात राक्षसाच्या नावासमोर फक्त प्रश्नचिन्ह! आठवल्या त्या १८२३ च्या रेघा? पहिल्या मोठ्या खेळाला त्याला कुणी बोलावलंसुद्धा नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये चित्रपट लागला आणि काही आठवड्यांत तो जगप्रसिद्ध झाला.

या नटाला एकही वाक्य नव्हतं. त्याने फक्त हात आणि डोळे वापरले. छपरातून उन्हाचा कवडसा पडतो आणि तो दोन्ही हात वर करून ऊन धरू बघतो, एवढा एक प्रसंग जरी आज बघितलात तरी पटेल. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्याशी न घाबरता खेळते, फुलं पाण्यात टाकते. फुलं संपल्यावर तो तिलाच फुलासारखी पाण्यात टाकतो, ती तरंगेल अशा समजुतीने. हा प्रसंग त्या काळी कापला गेला होता, १९८० च्या दशकात परत जोडला. कार्लोफ पुढे सांगायचा, की मुलांची पत्रं येतात आणि त्यांत भीतीपेक्षा राक्षसाची दया जास्त असते.

प्रश्नचिन्हाचं उत्तर

आता मुद्द्यावर येतो. बोरिस कार्लोफ हे खरं नाव नाही. रशियन वाटावं असं ते नाव त्याने नट झाल्यावर घेतलं आणि ते आईकडचं जुनं आडनाव आहे असं सांगून टाकलं. त्याच्या मुलीने पुढे स्पष्ट केलं, की त्याला काही पुरावा नाही. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडन, २३ नोव्हेंबर १८८७. घरचे भाऊ सरकारी नोकरीत, एक तर पुढे 'सर' झाला. या धाकट्यानेही परराष्ट्र खात्यात जावं अशी घरच्यांची इच्छा. तो १९०९ साली कॅनडाला पळाला आणि फिरत्या नाटक मंडळीत शिरला.

वडील एडवर्ड प्रॅट हे मुंबई इलाख्यात मिठाच्या खात्यातले अधिकारी. आई एलायझा सारा, जन्म भारतातला, लग्न १८६४ साली सुरतेला. आईची आई, म्हणजे कार्लोफची आजी एलायझा ज्युलिया. तिचं लग्न १८४५ साली डीसा छावणीत एका तोफखान्यातल्या सार्जंट-मेजरशी झालं. आणि आजीची आई, म्हणजे पणजी मेरी अ‍ॅन ग्लासकॉट. तिचं लग्न १५ मार्च १८२९ ला आपल्या ठाण्याला, सेंट जेम्स चर्चमध्ये! नवरा थॉमस एडवर्ड्स, मूळचा सुतारकाम करणारा, कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीतला सार्जंट. पुढे हे बिऱ्हाड नगरला आलं. तिथे थॉमस वारला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २६ नोव्हेंबर १८३१ ला, मेरी अ‍ॅनला दुसरी मुलगी झाली. हीच कार्लोफची मावशीआजी. नाव अ‍ॅना.

ही अ‍ॅना कोण? तुमच्यापैकी ज्यांनी 'द किंग अँड आय' हा सिनेमा पाहिला असेल त्यांना ती माहीत आहे. सयामच्या राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी घोळदार झग्यातली ब्रिटिश बाई, अ‍ॅना लिओनोवेन्स. १८४९ च्या नाताळात तिचं लग्न पुण्याला झालं. नवरा हॉटेलच्या नोकरीत असताना पेनांगला वारला. पदरात दोन मुलं. १८६२ मध्ये ती सयामला गेली, पाच वर्षं राहिली, मग अमेरिकेत आली, पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली आणि १९१५ साली कॅनडात वारली.

आयुष्यभर तिने सगळ्यांना सांगितलं, की आपला जन्म वेल्सचा, साल १८३४, आणि वडील लष्करात कॅप्टन. बहिणीशी संबंध तोडले. मरेपर्यंत हे कुणाला कळलं नाही. १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाच्या अभ्यासकाने वेल्समध्ये नोंदी शोधल्या, तिथे काहीच नव्हतं. मग मुंबई इलाख्याच्या दप्तरात सापडलं की बाई नगरच्या! २००८ साली तिच्यावर जे चरित्र निघालं त्याचं नावच 'बॉम्बे अ‍ॅना'.

लपवालपवी कशासाठी? तर मेरी अ‍ॅनचे वडील मुंबईच्या पायदळातले इंग्रज अधिकारी, पण आईचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. त्या काळात गोऱ्या बायकोचं नाव टिपलं जायचं, देशी बायकोचं राहून जायचं. म्हणून ती भारतीय किंवा मिश्र रक्ताची असावी असा चरित्रकारांचा कयास आहे. म्हणजे कार्लोफची खापरपणजी. ती मराठी बोलत होती असं लिहायचा मला फार मोह झाला, पण पुराव्याशिवाय लिहिलं तर अ‍ॅनात आणि माझ्यात फरक काय?

तेव्हाच्या छावणीत 'अर्धी गोरी' असणं म्हणजे इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही. गोऱ्या बायका चहाला बोलवायच्या नाहीत, लग्नं अडायची. ओसाड छावणीतल्या विधवेच्या पोरीने एका बोटीतून उतरताना वेगळा जन्म सांगितला, आणि त्यामुळेच तिला राजवाड्यात नोकरी मिळाली. तिला खोटारडी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला म्हणवत नाही. आणि तिच्या बहिणीचा नातू? हॉलिवूडमध्ये सावळ्या रंगामुळे त्याला अरब, मेक्सिकन, हिंदी खलनायक अशी कामं मिळत. १९२१ च्या एका मालिकेत तर तो हिंदू झालाय! पण आपल्या आजोळाबद्दल त्याने मौनच पाळलं. सिनेमातल्या राक्षसाला निरनिराळ्या माणसांचे तुकडे जोडलेत म्हणून लोक हाकलतात. ती भूमिका करणाऱ्याच्या घरातली माणसं आपला एकेक तुकडा दोन पिढ्या झाकत आली होती.

राक्षसाचा वारसा

कार्लोफने हा राक्षस मोठ्या पडद्यावर तीनदा केला, १९३१, १९३५ आणि १९३९ मध्ये. पाठ मोडणारे तास आठवून असेल, १९३३ साली नटांची संघटना, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, उभी राहिली तेव्हा तो सुरुवातीच्या सभासदांत होता. त्या काळी स्टुडिओविरुद्ध जाणं म्हणजे पोटावर पाय ओढवून घेणं. तरीही तो गेला. पुढे लहान मुलांसाठी त्याने गोष्टींच्या रेकॉर्ड केल्या, त्यात मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या गोष्टीही आहेत. आणि दर ख्रिसमसला आपली पोरं जो 'ग्रिंच' बघतात, १९६६ चा कार्टूनवाला, त्यातला निवेदकाचा आवाज याच माणसाचा! १९६९ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला. १९९७ साली अमेरिकेच्या पोस्टाने सिनेमातल्या राक्षसांची ३२ सेंटची तिकिटं काढली, त्यात तो दोनदा आहे, एकदा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि एकदा ममी म्हणून. ग्रोसरीच्या दुकानात गुलाबी 'फ्रँकेन बेरी' सीरियल मिळतं, त्याच्या खोक्यावरचा चेहरासुद्धा याच घराण्यातला.

आणि आमच्या धंद्यात तर आता हे नाव रोज निघतं. एआय आलं, हा फ्रँकेन्स्टाइन आपल्यालाच खाणार, वगैरे. अशा मीटिंगमध्ये मी हल्ली हळूच म्हणतो, की पुस्तक वाचा. बनवू नका असं ती बाई म्हणत नाही. बनवलंत तर जबाबदारी टाकून पळू नका, असं म्हणते.

लेकीला काय सांगितलं

आता माझी कबुली. माझं नाव ज्ञानेश्वर. आजोबांनी हौसेने ठेवलेलं, कारण ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नगर जिल्ह्यातच, नेवाशाला. अमेरिकेत पहिल्याच प्रोजेक्टला 'ज्ञ' वर गाडी अडली. 'ड्न्या', 'डिन्या' असं करत करत आठवड्याभरात मी 'डॅन' झालो. मला कुणी जबरदस्ती केली नाही, मीच सोपं करून दिलं. गाव विचारलं तर 'निअर मुंबई'. शाळेत लेकीच्या वर्गात नकाशावर टाचण्या लावायचा कार्यक्रम होता, तेव्हाही मी तिला सांगितलं होतं, "मुंबईवर लाव, नगर कुणाला कळणार?" तिने लावली होती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या रात्री दोन वाजता वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिला सगळी गोष्ट सांगितली, छावणी, ठाण्याचं चर्च, बोट, हिरवा रंग. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तिने पण निअर वेल्स सांगितलं?" मी काय बोलणार!

सोमवारी तिने बाईंना विचारून मुंबईवरची टाचणी काढली आणि जरा उजवीकडे, जिथे नकाशात काहीच छापलेलं नव्हतं, तिथे लावली. शेजारी पेन्सिलने स्पेलिंग लिहिलं. बाईंनी विचारलं, तिथे काय आहे? ही म्हणाली, "माझी आजी आहे. आणि फ्रँकेन्स्टाइनची पण."

ऑफिसात मी अजून डॅनच आहे, बारा वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. पण ईमेलच्या सहीत आता पूर्ण नाव लिहितो, आणि कुणी उच्चार विचारला तर शिकवतो. पुढच्या वेळी नगरला गेलो की लेकीला भुईकोट किल्ला आणि भिंगारची छावणी दाखवायची आहे. तोवर या दिवाळीत तुमच्या दारी हिरव्या तोंडाचं कुणी आलं, तर त्याला कँडीबरोबर एक चकलीही द्या. आपल्याच गावचं असेल, कुणी सांगावं!